फरशीत जीव शोधणारा

“जीव नाय! मॅडम, तुमच्या फरशीत जीवच नाय! मढं हाय हे, मढं!”

मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये, त्यांच्या टेबलापासून दोन हातांवर, एक गृहस्थ ओरडत होता. पायांत काही नाही, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, उजव्या तळहातावर आडवा नारळ. मी शेजारच्या खुर्चीत बसून काचेच्या कपाटातल्या ट्रॉफ्या मोजत होतो. एकोणपन्नास भरल्या. पन्नासावी कुठं दिसते का म्हणून मान इतकी वळवली, की पुढं आठवडाभर ती सरळ झाली नाही.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. “हे तुमच्याबरोबर आहेत?”

“नाही,” मी म्हणालो.

तेवढ्यात त्यानं रिकामा हात माझ्या खांद्यावर टाकला. “आम्ही एकाच घरातले, मॅडम. ह्यांची पोरगी अन् माझी पोरगी, दोघींचं नाव घालायचंय सहावीत. पण आधी फरशी बघू द्या.”

आणि त्यानं उडी मारली.

नव्वद किलोचा माणूस बंद केबिनमध्ये जागच्या जागी उडी मारतो तेव्हा काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पेनस्टँड चालत चालत टेबलाच्या कडेला आला. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढं गेलं. ट्रॉफ्या एकोणपन्नासच्या अठ्ठेचाळीस झाल्या. जालना रोडवर दोन रिक्षावाले खाली उतरून टायर बघायला लागले, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं, आणि मी त्यावर लगेच विश्वास ठेवला.

“ऐकलं का? ठप्प!” तो म्हणाला. “आवाज वर आला म्हंजे धक्काबी वर आला. ग्रॅनाईटखाली काँक्रीट, काँक्रीटखाली कुटलेला मुरूम. लेकरानं उडी मारली की सगळा धक्का गुडघ्यात. खाली पोकळी कुठंच नाय!”

“मग काय शाळा पोकळीवर बांधायची?” मॅडमचा आवाज चिरकला.

“बांधली असती तर बरं झालं असतं,” तो फार वाईट वाटून म्हणाला.

वॉचमन आला. आम्ही बाहेर आलो. बाकावर आमच्या दोन पोरी पाय जुळवून शहाण्यासारख्या बसल्या होत्या. या शाळेत शिफारस मिळावी म्हणून मी मेव्हण्याच्या साहेबांच्या मुलाच्या मुंजीत तीन पंगतींना वरण वाढलं होतं. ते सगळं वरण त्या एका उडीत वाया गेलं. मी त्याला फाटकाशी गाठून म्हणालो, “अहो, माणसानं शाळेत बोर्ड बघावा, निकाल बघावा, बस येते का बघावं!”

“बस?” तो म्हणाला. “भाऊ, पोरगी बसवर नाचणार हाय का फरशीवर?”

हा माणूस सात वर्षं आमच्या डोक्यावर होता. अक्षरशः डोक्यावर, कारण सिडकोतल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर तो भाडेकरू होता. मूळचा पिशोरचा. धंदा पाणाड्याचा. म्हणजे हातावर नारळ ठेवून रानात चालायचं, आणि जिथं नारळ शेंडी वर करून उभा राहील तिथं बोअर मारायला सांगायचं. पिशोर ते सिल्लोड आणि इकडं लासूर स्टेशनपर्यंत बोअरची गाडी त्याला विचारल्याशिवाय गिअर टाकत नसे. मी स्वतः वाळूजच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. सोळा वर्षं हातात गेज धरून हा पीस ओके, हा रिजेक्ट, एवढंच करत आलोय. नारळ उभा राहतो यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण घर भाड्यानं देताना कुणी भाडेकरूला नारळाबद्दल विचारतं का?

त्याला बॅलेचं वेड लागलं तेही बोअरमुळंच. आमच्या शहरात एक बॅले मॅडम आहेत. मुंबईत शिकलेल्या, लग्न होऊन इथं आलेल्या. टाइल्सच्या एका दुकानावरच्या हॉलमध्ये त्या मुलींना पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायला शिकवतात. दुकानामागं बोअर घ्यायचा होता, म्हणून याला बोलावलेलं. जागा दाखवून झाली, आणि हा पाणी प्यायला वर गेला. दारातून त्यानं आत बघितलं तो पाणी प्यायचं विसरला. खाली मशीन घरघरतंय, मालक हाका मारतोय, आणि हा दारात हातात ग्लास घेऊन पाऊण तास उभा.

“भाऊ, रुपयाएवढ्या जागेवर अख्खं माणूस उभं!” तो मला पुढं कितीतरी वेळा सांगायचा. “खालची जमीन कळल्याबगर असं उभं ऱ्हाता येतंय व्हय? आमचं काम तळपायाचं, त्यांचं काम बोटाचं. जात एकच.”

चार दिवसांत त्यानं सहा वर्षांच्या लेकीला, वैष्णवीला, पिशोरहून आणलं आणि आमच्या वरच्या दोन खोल्या घेतल्या. बायको गावाकडं सासू आणि शेत सांभाळत राहिली. शनिवार-रविवारी बाप-लेक गावी जायचे, नाहीतर ती एस्टीनं इकडं यायची. गल्लीत सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. मीही काढलं. पण मी घरमालक, त्यामुळं जरा हळू आवाजात.

पहिल्या महिन्यात त्यानं विचारलं, “वरच्या खोलीत जरा फळ्या टाकू का?” मी म्हणालो, टाका. मला वाटलं, फळ्या म्हणजे भिंतीवर, भांडी ठेवायला. कामावरून येऊन बघतो तर खोलीभर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबांचे तुकडे अंथरलेले, त्यावर फळ्या, त्यावर प्लायवूड, आणि हा मधोमध उड्या मारतोय. भिंतीला बोअरचा केसिंग पाइप आडवा ठोकलेला. बॅलेत सरावाला धरायचा दांडा असतो, तो हा. “या, भाऊ, या! बघा कशी जिती फरशी झाली!” मी पाय ठेवला तर म्हशीच्या पाठीवर उभा राहिल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून आमच्या पंख्यानं गोल फिरणं सोडलं, तो लंबगोल फिरायला लागला.

आमची सई तेव्हा सहाचीच होती. वर काय धपधपतंय म्हणून बघायला गेली, ती जेवायलाच खाली आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. महिन्याभरात तिचंही नाव बॅले मॅडमकडं घातलं गेलं. मला कुणी विचारलं नाही. इतरांच्या घरात कला देवघराच्या बाजूनं येते म्हणतात. आमच्याकडं ती छतातून आली.

आणि मग सुरू झाला माझा छळ. कारण हा माणूस बाप म्हणून भयंकर होता. भयंकर चांगला. शेजारच्या माणसानं जगूच नये इतका चांगला.

वैष्णवीच्या बुटांच्या रिबिनी तो स्वतः शिवायचा, दातात दोरा धरून. गरम पाण्याचं घमेलं घेऊन तिचे पाय स्वतः शेकायचा. क्लासला पोरी आत आणि आया बाहेर मोबाइलवर. हा जिन्यात अनवाणी, तळवे फरशीला टेकवून, डोळे मिटून बसलेला. मध्येच हाळी द्यायचा, “मॅडम, चौथी पोरगी डावा पाय चोरतीय!” मॅडम आतून चिडून म्हणायच्या, “काका, तुम्हाला भिंतीतून दिसतं का?” मग बघायच्या, तर चौथी पोरगी खरंच डावा पाय चोरत असायची. बऱ्याचदा ती सई असायची.

“बघा, बघा,” बायको मला म्हणायची. “परक्याच्या पोरीचा पायसुद्धा ओळखतात. तुम्हाला सईच्या बुटाचा नंबर तरी माहीत आहे का?”

मी क्वालिटीतला माणूस. एक आकडा ठोकून दिला.

“तो तुमचा नंबर आहे,” ती म्हणाली.

त्याचे नियम सरकारी राजपत्रासारखे निघायचे, आणि बायको ते आमच्या घराला लागू करायची. पोरींनी लंगडी खेळायची नाही. जिना उतरताना पाय आपटायचा नाही, घोट्यातून उतरायचं, खालच्या माणसाला कळता कामा नये. एका खांद्यावर दप्तर नाही. रविवारी पिशोरला दोघींना डोळे बांधून रानात अनवाणी चालवायचा. काळी माती कुठली, चोपण कुठली, नांगरलेली कुठली, ते तळव्यानं सांगायचं. सई एकदा पायात बाभळीचा काटा घेऊन आली. मी संतापून जिना चढलो.

“काटा कुठल्या पायात?” त्यानं शांतपणे विचारलं.

“डाव्या!”

“तेच म्हणलं. डावा चोरती ना ती. चोरलेल्या पायालाच काटा लागतो.”

खाली आल्यावर बायकोनं हे वाक्य चहाच्या डब्यावर चिकटवायचं तेवढं बाकी ठेवलं.

शाळांचं तर विचारू नका. पाच वर्षांत त्यानं वैष्णवीच्या चार शाळा बदलल्या. पहिल्या शाळेत ग्रॅनाईट, म्हणून सोडली. दुसरीत पाहुणे आले की पोरांना तासभर उन्हात सिमेंटवर उभं करायचे, म्हणून सोडली. तिसरीत पीटीचे सर गृहपाठ नाही केला की कोंबडा करायला लावायचे. त्या सरांना हा मैदानात जाऊन म्हणाला, “सर, आधी तुम्ही दहा मिनिटं करून दाखवा, मंग माझी लेक करील.” सरांनी करून दाखवला नाही. आमच्या पाणाड्यानं दाखवला, अर्धा तास, अख्ख्या शाळेसमोर, आणि त्याच संध्याकाळी दाखला काढून आणला. चौथी शाळा का सोडली ते मला आजही नीट माहीत नाही. नारळ पडला होता म्हणे.

आणि दर वेळी आमच्या घरी भूकंप. “ते काढतायत तर आपण सईला तिथं कशी ठेवायची?” मी म्हणायचो, “अगं, तो नारळावर शाळा निवडतो!” ती म्हणायची, “तुम्ही कशावर निवडली होती? तुमच्या साहेबांचा मुलगा होता तिथं, म्हणून.” यावर नवऱ्यानं करायचं काय असतं? मी वर्तमानपत्र उचलायचो.

तर त्या अठ्ठेचाळीस ट्रॉफ्यांच्या शाळेतून आम्हाला हाकलल्यावर तिसऱ्या दिवशी तो धावत आला. “भाऊ, गावली! सापडली!” मला वाटलं पाणी. नाही. शाळा. जुन्या शहरातली, निजामाच्या काळातली दुमजली इमारत. खाली उर्दू माध्यम, वर मराठी. रंग उडालेला, पत्रे गंजलेले, बाकांचे पाय वेगवेगळ्या उंचीचे. पण वरचा मजला अख्खा सागवानी! नारळ घेऊन हा वर्गावर्गातून फिरायला लागला, तसा तिथला म्हातारा शिपाई मागं मागं आला.

“ओ मियाँ, नारियल फोडनेका है तो बाहर फोडो. इदर कायकू?”

“फोडायचा नाय, चाचा. जमीन बघतोय.”

“जमीन नीचे है. ये तो मंजिल है.”

पाणाड्यानं उडी मारली. सागवान एक बोट खाली गेला आणि पुन्हा वर आला. एवढा मोठा माणूस, पण डोळ्यांत टचकन पाणी. शिपायानं ते पाहिलं आणि त्याला बसायला स्टूल दिलं.

अशा रीतीनं, शहरातल्या दोन नामांकित इंग्रजी शाळांतली माझी सेटिंग सोडून, माझी एकुलती एक मुलगी सागवानाखातर मराठी शाळेत गेली. कारखान्यात सहकारी विचारायचे, “कोणता बोर्ड?” मी म्हणायचो, “लाकडी.”

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पिशोरला त्याची स्वतःची सहा एकर जमीन होती. कोरडी ठणठणीत. एकदा मी चेष्टेनं म्हणालो, “सगळ्या तालुक्याला पाणी दाखवता, स्वतःच्या शेतात का नाही बघत?”

मी त्याला स्वतःच्या पोटाचं ऑपरेशन स्वतः करायला सांगितलंय असा त्यानं चेहरा केला. “आपल्या रानात आपला हात चालत नाय, भाऊ. आमच्यात कुणीच बघत नाय.”

“का?”

“आपल्या रानात माणूस हावरा होतो. त्याला जिथं पाहिजे तिथंच पाणी दिसतं. नारळ मंग खोटं बोलतो. दुसऱ्यालाच बोलवायचं असतं.”

त्यानं लासूर स्टेशनच्या एका म्हाताऱ्या पाणाड्याला बोलावलं होतं. त्या म्हाताऱ्यानं तीन जागा दाखवल्या, तिन्ही बोअर कोरडे गेले. तरी हा दर दसऱ्याला लासूरला जाऊन त्याच्या पाया पडायचा. गेल्या वर्षी तो म्हातारा वारला. तेव्हा हा दोन दिवस खोलीतून बाहेर आला नाही. मी तेव्हा बायकोला म्हणालो, “तीन कोरडे बोअर देणाऱ्याचं एवढं काय?” मला काय माहीत की त्या म्हाताऱ्याचं काम माझ्यावर येणार आहे.

पोरी सातवीत गेल्या. बॅले मॅडमनी सांगितलं, पुण्यापलीकडं डोंगरात एक निवासी शाळा आहे. सकाळी शाळा, दुपारपासून बॅले, अठराव्या वर्षापर्यंत. घरी फक्त दिवाळीला आणि उन्हाळ्यात. तिथून बाहेर पडणारी मुलगी नाचून पोट भरू शकते. आमच्या शहरातून एकच मुलगी घेणार होते. परीक्षक आले आणि हॉलच्या काचेच्या दारातून आम्ही सगळे आईबाप आत बघत बसलो.

मी सात वर्षं या बॅलेला शिव्या घातल्या होत्या. आठवीपासून सईला इंजिनियरिंगच्या फाउंडेशन वर्गात घालायचं माझं पक्कं होतं, जागासुद्धा ठरलेली होती. पण यादी लागली, आणि वैष्णवीचं नाव वर, आणि खाली ‘प्रतीक्षा यादी, क्रमांक १: सई’ असं वाचलं, तेव्हा मी यादी तीनदा वाचली. मला ती जागा पाहिजे होती. फाउंडेशन गेलं खड्ड्यात. मी सईकडं बघितलं. ती बुटाची रिबीन बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

वैष्णवीनं होकार दिला की विषय संपला. नकार दिला तर सई. सोमवारी सकाळी कळवायचं होतं.

आणि पाणाडी गप्प झाला. शाळांसाठी जगाशी भांडणारा, मुख्याध्यापकांच्या केबिनीत उड्या मारणारा तो माणूस. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. छत हललं नाही. पंखा गोल फिरायला लागला. बायको म्हणाली, “वर कुणी आजारी आहे का बघा.” मी वर गेलो. तो प्लायवूडवर पाय पसरून बसलेला.

“काय ठरलं?” मी विचारलं. जमेल तितक्या सहज.

“वैष्णवी म्हणती, तुम्ही सांगाल तसं. तिची आई म्हणती, तुम्ही सांगाल तसं.” त्यानं दोन्ही हात उपडे केले. “मला कसं कळायचं, भाऊ? पोरगी माझंच रान हाय.”

मी खाली आलो. देवासमोर क्वचित उभा राहणारा माणूस मी, त्या दिवशी उभा राहिलो. काय मागितलं ते सांगत नाही.

रविवारी सकाळी दहाला दारावर थाप. दारात पाणाडी, अंघोळ केलेला, हातात नारळ. मागं त्याची बायको, पिशोरहून पहाटेच्या गाडीनं आलेली. तिच्यामागं वैष्णवी.

“भाऊ, पाय धुवा,” तो म्हणाला. “वर चला. तुम्ही बघायचं.”

“काय बघायचं?”

“नारळ तुम्ही धरायचा. दारापासून खिडकीपर्यंत सात पावलं. खिडकीत वैष्णवी उभी राहील. उभा ऱ्हायला तर ती जाईल. नाय ऱ्हायला तर नाय.”

मी ओरडलोच. “अहो, डोकं ठिकाणावर आहे का? माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही! आणि माझी पोरगी वेटिंगवर आहे! तुम्हीच म्हणाला होता ना, हावऱ्या हातात नारळ खोटं बोलतो? माझ्याएवढा हावरा आज अख्ख्या शहरात सापडायचा नाही!”

“म्हणून तर,” तो म्हणाला. “तुमचा हात त्याला आडवा धरायला बघंल. त्यातूनबी उभा ऱ्हायला, तर मंग खरं.”

“आटपा जरा,” त्याची बायको म्हणाली. “दोनला माझी एस्टी हाय. घरी म्हातारी एकली हाय.”

मी बायकोकडं बघितलं. वाटलं, ही तरी काही बोलेल. ती न्हाणीघरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

वर गेलो. पाणाडी खोलीपुढच्या गच्चीवर गेला आणि आमच्याकडं पाठ करून उभा राहिला, त्याची नजर पडायला नको म्हणून. त्याची बायको खाटेवर बसली. वैष्णवी खिडकीशी, एक हात केसिंग पाइपवर. सई माझ्यामागं दारात. मी नारळ तळहातावर आडवा ठेवला आणि पहिलं पाऊल टाकलं. फरशी खाली गेली, वर आली.

चार पावलं नारळ मुकाट झोपलेला. मला काहीच करायचं नव्हतं. नुसता हात स्थिर ठेवायचा. आणि माझा हात कसला, क्वालिटीतला हात! सोळा वर्षांत कापला नाही तो. तीन पावलं अजून. मग मी खाली उतरणार, फोन करणार, आणि सई जाणार. यात फसवणूकसुद्धा नव्हती. नारळ तर झोपूनच राहिला असता, कारण नारळ झोपूनच राहतो.

पाचव्या पावलाला मी वैष्णवीचे पाय बघितले. दोन अंगठ्यांची नखं काळी, बोटांना पांढरी चिकटपट्टी, आणि टाचा अशा टेकलेल्या की जणू त्या फरशीतूनच उगवल्यात. मला काचेच्या दारातून बघितलेला निवडीचा दिवस आठवला. सई चांगली होती. बापाशपथ चांगली होती. मी गेज लावलं असतं तर ओके आली असती. पण लॉटमध्ये हजारात एखादा पीस असा येतो, की आपण गेज लावायचंच विसरतो आणि तो नुसता हातात धरून बघत बसतो. मला त्याच दिवशी दिसलं होतं. मी घरी कुणाला बोललो नव्हतो, एवढंच. सोळा वर्षांत घरचा माल म्हणून मी ओकेचं हिरवं लेबल कधी लावलेलं नाही.

सहाव्या पावलाला मी बोटं जरा आत घेतली. जरा म्हणजे किती, ते गेजवर मोजता येणार नाही. नारळ हलला, घरंगळल्यासारखा झाला, आणि शेंडी छताकडं करून उभा राहिला.

“उभा ऱ्हायला,” त्याची बायको खाटेवरून उठली. “चल गं, बॅग भरू.”

वैष्णवी हललीच नाही. तिनं पाइप अजून धरून ठेवला होता. गच्चीवर पाणाड्यानं मान वळवली नाही, फक्त शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. मी मागं बघितलं. दार रिकामं होतं. सई जिना उतरून गेली होती, घोट्यातून, पाय न आपटता, त्यानंच शिकवलं होतं तशी. मला खरंच ऐकू आलं नव्हतं.

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी विचारलं, “बाबा, वरची फरशी ते नेणार आहेत का?”

नेली नाही. वैष्णवीला डोंगरात पोचवून महिन्याभरानं तो खोल्या सोडून पिशोरला निघाला, तेव्हा टेम्पोत चूल, गाद्या, घमेलं एवढंच चढवलं. पाइप आणि ट्यूबा जागेवर राहिल्या. सई रोज संध्याकाळी वर जाते. आमचा पंखा पुन्हा लंबगोल फिरतो. बायको आता मला दुसऱ्या कुठल्या तरी बापाचं उदाहरण देते. फाउंडेशनच्या फॉर्मवर अजून माझी सही व्हायची आहे.

पण त्या दिवशी टेम्पोशी मी त्याला गाठलंच. त्या महिन्यात कारखान्यात तीन चांगले पीस मी रिजेक्ट करून टाकले होते. ज्या माणसानं माझ्या सात वर्षांच्या रविवारांचं वाटोळं केलं, त्याच्यापुढं मी हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले.

“एक सांगायचंय,” मी म्हणालो. “तुम्ही तिकडं पाठ करून उभे होता. तुम्ही पोरगी पाठवून बसलात माझ्या भरवशावर. पण तो नारळ काही आपोआप उभा राहिला नाही. मी हात वाकवला होता.”

तो गाद्यांवरून दोर ओढत होता. त्यानं गाठ मारली, ओढून बघितली.

“सगळेच वाकवतेत,” तो म्हणाला.